सांधा सापडणारी सुरी

हरणाच्या मांसासाठी सुरी कोणती घ्यावी, हा प्रश्न नाशिक जिल्ह्यात आता पडत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणाची शिकार गुन्हा आहे. येवला तालुक्यात ममदापूरच्या माळावर काळवीट दिसले तर ते डोळे भरून पाहावे आणि पुढे जावे. घरी कापला जातो तो बोकड, बहुधा संगमनेरी रक्ताचा. आखाडात, खंडोबा-म्हसोबाच्या जत्रेला, बकरी ईदला. सांगाडा मात्र दोघांचा सारख्याच घडणीचा, त्यामुळे हत्यारांची निवडही तीच.

बोकड मागच्या पायांनी टांगला की पहिले काम कातड्याचे. इथे बाकदार, आखूड पात्याची सुरी लागते. टोकदार असली तर कातड्याला भोक पडते किंवा आतडे फुटते. खरे तर चिरा दिल्यानंतर सुरीपेक्षा हाताची मूठच जास्त कामाची. ती कातडे आणि मांस यांच्यामधून दाबत नेली की कातडे आपसूक सुटत जाते.

त्यानंतर पाय सुटे करायला अरुंद पात्याची, टोकाला निमुळती सुरी हातात घ्यावी. बहुतेक घरांत मात्र याच वेळी सत्तूर उचलला जातो आणि हाडांचा चुरा रश्श्यात उतरतो. पुढचा पाय धडाला कुठल्याही सांध्याने जोडलेला नसतो. खांद्याचे फरे केवळ स्नायूंवर तोललेले असते. पाय किंचित बाहेर ओढून बगलेतून सुरी फिरवली की तो हाडाला न लागता हातात येतो. मागच्या रानेला वाटीत बसलेला गोळा असतो. पाय हलवत राहावे, सांधा कुठे वळतो ते बोटाला कळते, तिथेच टोक घालावे. सत्तूर लागतो कण्याला, चापांना आणि नळ्यांना, तोही चिंचेच्या ठोकळ्यावर. चिंचेचे लाकूड घट्ट आणि चिवट असते, घावाने त्याची ढलपी सहजी उडत नाही.

चांगले पाते बहुधा भंगारातून जन्मते. मुंबई-आग्रा रस्त्यावर झिजलेल्या ट्रकचे पाटे लोहाराकडे येतात; त्यात साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असतो, म्हणून ते पाणी घेतात, म्हणजे तापवून बुडवले की कडक होतात. लोहार तापमापक लावत नाही. तो सावलीत बसतो, कारण उन्हात लाल रंगाच्या छटा ओळखू येत नाहीत. पाते हवे तसे लाल झाले की तेलात किंवा पाण्यात बुडवतो. आता ते काचेसारखे कडक आणि तितकेच ठिसूळ. मग एक बाजू घासून लख्ख करायची आणि पुन्हा हलकी ऊब द्यायची. घासलेल्या जागेवर रंग चढू लागतात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. सुरी पिवळ्यावर थांबवावी, धार टिकते. सत्तुराला जांभळ्यापर्यंत जाऊ द्यावे, म्हणजे हाडावर बसला तरी दात पडत नाहीत. दुकानातल्या चकचकीत पात्यांना गंज चढत नाही एवढेच त्यांचे कौतुक. स्वस्तातली तर दुसऱ्या रानेला बोथट होतात.

गावात चार-सहा घरे मिळून बोकड घेतात तेव्हा वाटे घालावे लागतात. प्रत्येक ढिगात रान, सीना, चाप, काळजाचा तुकडा आणि थोडी चरबी आली पाहिजे. काळीज धारदार सुरीने कापले तरच सारखे वाटता येते. बोथट सुरीखाली ते चिरडते आणि कुरबुर सुरू होते. मुंडी-पाय वेगळे, ते विस्तवावर भाजून जुन्या सुरीच्या पाठीने खरवडायचे. नवी सुरी विस्तवाजवळ नेऊ नये, दिलेले पाणी उतरते.

काम चालू असताना धार मंदावली की निसण्यावर पाणी टाकून चार हात मारावेत. मूठ तेलकट झाली की लगेच पुसावी. घरच्या कापणीत बोटे कापतात ती बहुधा हात घसरल्याने. शेवटी पाती कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून त्यांना शेंगदाण्याच्या तेलाचा हात फिरवावा. लाकडी मुठीची सुरी बादलीत भिजत ठेवू नये, मूठ फुगते आणि सुकल्यावर पाते खिळखिळे होते.