प्रातो येथील दातिनीचा वाडा

वस्त्रव्यवसायाच्या परिषदेसाठी इचलकरंजीहून इटलीतील प्रातो शहरी गेलेल्या एका व्यापाऱ्यास प्रवासाच्या शिणामुळे भाषणे ऐकताना डोळे उघडे ठेवणे अशक्य झाले. दुपारचे सत्र सोडून तो फ्रांचेस्को दातिनीच्या वाड्यात गेला. १४१० साली निवर्तलेल्या या व्यापाऱ्याने आपली संपत्ती गोरगरिबांसाठी ठेवली. त्याच्या वह्यांच्या आरंभी देवासोबत नफ्याचेही नाव असे. ‘शुभ-लाभ’ लिहिणाऱ्यांना त्यात नवल कसले! त्याच्यामागे सुमारे दीड लाख पत्रे उरली. व्यापारापायी तो बराच काळ फ्लॉरेन्सला, तर पत्नी मार्गेरिता प्रातोला. प्रौढपणी लिहावयास शिकून तिने त्याला स्वहस्ते पत्रे धाडली.

इचलकरंजीच्या व्यापाऱ्याने तीन दिवसांत घरी फोन केला नव्हता. तिकडे आता दिवेलागण झाली असेल, असा हिशेब करून त्याने वाड्याबाहेर येताच फोन लावला.