मधला झोळ

माझ्याकडे अर्धी राहिलेली गोधडी येते ती नेहमी कडांनी शिवलेली आणि मधे उघडी. कुणाची आई गेलेली असते, कुणाच्या सासूबाईंची नजर अधू झालेली असते, कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी घातलेली वाकळ नातू शाळेत जायला लागला तरी माळ्यावरच पडून असते. गाठोडं सोडल्यावर रंग आणि काठ मी नंतर बघते. आधी ती फरशीवर पसरते, उघड्या भागावर दोन्ही तळहात ठेवते आणि एकमेकांकडे सरकवते. हातांच्या मधे वरचं लुगडं किती उभं राहतं त्यावरून पुढ्यात काय वाढून ठेवलंय ते समजतं. कधी बोटभर असतं, कधी चांगलं चार बोटं. हा झोळ. शिवणारीनं कडेपासून आत येता येता पुढे लोटत आणलेला, आणि आता माझ्या पदरात पडलेला.

स्वतःच्या म्हणाव्यात अशा गोधड्या मी थोड्याच घातल्या. हात झिजला तो दुसऱ्यांच्या पुऱ्या करण्यात, आणि मला ते काम मनापासून आवडतं. आपली घालायची तर लुगडं कुठलं वर घ्यायचं, धोतर किती पदरी, काठ उसवून लावायचे की तसेच ठेवायचे, यातच जीव अडकतो. दुसरीच्या गोधडीत हा सगळा विचार तिनं करून ठेवलेला असतो. मला फक्त टाका उरतो. दुपारची भांडी झाली की ओसरीवर उजेडाला पाठ न करता बसायचं, मांडीवर तिचं वजन घ्यायचं आणि तिच्या शेवटच्या टाक्यापासून पुढे निघायचं. पहिल्या फेरीला माझा हात तिच्या हाताला शोधत असतो. तिचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा असेल तर माझा मोठा पडतो, तो आवरावा लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला लय सापडते आणि मग संध्याकाळचा दिवा लावायची वेळ कधी झाली ते कळत नाही. रात्री दिव्याखाली घातलेल्या ओळी भरकटलेल्या दिसतात, दिवसाच्या सरळ असतात. कुठे दोरा इतका ओढलेला असतो की कापड आक्रसलेलं असतं. त्या दिवशी घरात काय झालं असेल ते मी विचारत नाही, पण तिथून सुई नेताना ते हाताला लागतंच.

सगळी मेख मात्र त्या झोळातच असते. आम्ही कडेपासून आत जातो, कारण आतले थर तुकड्यांचे असतात. फाटलेली धोतरं, विरलेल्या चादरी, परकराचे घेर. कड आधी बंद केली नाही तर ते सरकतात आणि निसटतात. शिवाय आमचं काम जमिनीवरचं. शिवलेल्या भागावर बसायचं आणि तोंड मध्याकडे करायचं, म्हणजे आपल्याच वजनानं थर जागेवर राहतात. पण सुई प्रत्येक टाक्याला वरचं कापड केसभर पुढे ढकलते, अस्तर मात्र जमिनीला धरून असतं. एका फेरीत ते दिसत नाही. फेऱ्या आत येत जातात तसं ते साचतं आणि शेवटच्या हातभर चौकोनात फुगून उभं राहतं.

माझी भाची न्यू जर्सीला असते. तिथल्या बायकांबरोबर ती रजया शिवायला शिकली. मागच्या खेपेला आली तेव्हा म्हणाली, ‘‘मावशी, आपल्याकडे उलटं का शिवतात?’’ तिकडे कापड चौकटीवर ताणून मधून सुरुवात करतात. जास्तीचं कापड बाहेर सरकत कडेला निघतं, तिथं कात्रीनं कापून पट्टी लावली की झालं. पद्धत चांगलीच आहे. पण चौकट मांडायला जागा लागते, आणि तिथं तीन थर असतात, तेही अखंड. यल्लापूर, हल्याळकडच्या सिद्दी बायकांची कवंदी आमच्यासारखीच कडेकडेनं आत येते, चौकट नाही, काही नाही. पण त्या वरची ठिगळं शिवता शिवता लावत जातात, त्यामुळे पुढचं ठिगळ मागची ओढ सावरून घेतं. चारही कोपऱ्यांना त्रिकोणी ‘फूल’ लावल्याशिवाय त्या कवंदीला पुरी मानत नाहीत. तसं केलं नाही तर ती नागडी राहिली असं म्हणतात. मला ते फार पटतं. माझ्याकडे येणाऱ्या गोधड्यांना वर अख्खं लुगडं असतं. त्याला सावरायला जागा नसते. जे साचलं ते मधेच राहणार.

काही जणी त्याची चुणी घालतात आणि वरून टाका मारतात. तान्ह्या बाळाच्या पाठीला ती चुणी रात्रभर रुतते, आणि दोन धुण्यांत तिथूनच कापड विरतं. काही जणी वर एक मोठं ठिगळ लावून झाकतात. काही शेवटच्या सात-आठ फेऱ्या उसवून पुन्हा घालतात. मी दुसरीचा टाका उसवत नाही. ती बाई आता नसते, असली तरी तिचे हात नसतात. तिनं घातलेल्या ओळी आहेत तेवढ्याच आहेत. मग उघड्या भागाचे कच्च्या दोऱ्यानं आधी चार, मग सोळा भाग करायचे, म्हणजे झोळ एका जागी राहत नाही, प्रत्येक घराला थोडा थोडा येतो. सुती लुगडं असेल तर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवायची, ते किंचित आक्रसतं. आणि मग प्रत्येक टाक्याला वरून कणभर जास्त कापड घ्यायचं, खालून कणभर कमी. हे ‘कणभर’ सांगून येत नाही. अंगठ्याला कळतं.

खरी परीक्षा पाण्यात होते. नवरात्राआधी घरोघर दसरा काढतात, तेव्हा कऱ्हाडच्या घाटावर गोधड्यांचे ढीग लागायचे. भिजलेली गोधडी दोघींनी दोन टोकांना धरून पिळायची आणि दगडांवर पसरायची. ओल्या कापडात काही लपत नाही. मी पुऱ्या केलेल्या गोधड्या तिथं वाळत असल्या की मी मुद्दाम त्या वाटेनं जायची. मध्य सपाट दिसला की छाती भरून यायची. त्याहून मोठा अभिमान मला सांध्याचा होता. तिचा शेवटचा टाका कुठला आणि माझा पहिला कुठला, हे घरच्या माणसांना दाखवता आलं नाही की मला जे वाटायचं त्याला मी सेवा म्हणत आले. ती सेवा नव्हती. ती ऐट होती. नाव नसलेल्या कामातली ऐट फार चिवट असते, कारण तिला कुणी नावं ठेवत नाही.

आता येणाऱ्या गाठोड्यांत सुती लुगडं क्वचित निघतं. नायलॉन गिरणी संपाच्या आधीच घरात आलं होतं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईचा संप सुरू झाला, तो मिटलाच नाही, आणि गिरणीचं टिकाऊ, स्वस्त सुती कापड आमच्या पेठांतून हळूहळू गेलं. बायकांना मी दोष देत नाही. पावसाळ्यात तासाभरात वाळणारी साडी शेतात राबणारीला हवीच. पण ती साडी गोधडीत आली की माझे सगळे उपाय थकतात. तिला ओलं फडकं समजत नाही, इस्त्रीनं ती चिकटते, आणि खालचं धोतर पहिल्या धुण्याला आटलं तरी ही तेवढीच राहते. मधला झोळ मग माणसाच्या हातात राहत नाही.

शहरांतल्या प्रदर्शनांत गोधडी म्हणून जे विकतात त्याच्याशी माझं भांडण आहे. कोरं कापड धुऊन धुऊन जुनं करायचं, आत फायबर भरायचं, मशीननं लांब टीप मारून हाताचा आभास आणायचा. ते पांघरूण म्हणून वाईट नाही, ऊबही देत असेल. मात्र ज्यात कुणाचं नेसून झालेलं कापड नाही त्याला गोधडी म्हणू नये. त्याहून मला सहन होत नाही ते अर्ध्या गोधड्या मशीनवर पुऱ्या करून देणं. एका दुपारीत होतं आणि स्वस्तही पडतं. पण मशीनचा पायही वरचं कापड पुढे ढकलतो, सुईपेक्षा जोरात. मग तिरक्या चुण्या पडतात, त्या दाबायला हातानं घातलेल्या ओळींवरूनही टीप नेतात. असं काम माझ्याकडे दुरुस्तीला आलंय. आईच्या टाक्यांवर मशीनची टीप, आणि मुलगी विचारते आहे की खालचा दोरा वाचवता येईल का. मी ती टीप एकेक टाका कापून काढली. तेवढी एकच उसवण मी आनंदानं केली.

गेल्या हिवाळ्यात माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळातला सांधा बोलायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, झीज आहे, चिमटीचं काम बंद. पाच थरांतून सुई ओढणं हे सगळं चिमटीचंच काम. त्याच दिवसांत एक गृहस्थ आईची गोधडी घेऊन आले. सुई अजून कापडातच होती, गंजलेली, भोवती तांबूस डाग. ती ओढली असती तर गंजाच्या खरखरीनं कापड फाटलं असतं. मी दोन्ही बाजूंना तेलाचा थेंब सोडला, रात्रभर ठेवली आणि सकाळी मागून ढकलून काढली. मग ओळी बघितल्या आणि थबकले. उजव्या हाताची बाई मध्याकडे तोंड करून शिवते तेव्हा तिच्या फेऱ्या प्रदक्षिणेच्या दिशेनं जातात. या फेऱ्या उलट्या गेल्या होत्या. बाई डावखुरी होती. मी माझ्या हातानं पुढे गेले असते तर शेजारच्या दोन ओळींनी कापड दोन दिशांना ओढलं असतं, आणि झोळाबरोबर पीळही पडला असता.

माझ्या जावेची सून डावखुरी आहे. दोन वर्षं माझ्याजवळ बसून शिवते. गोधडी तिच्या मांडीवर दिली. तिनं त्या बाईचा टाका पहिल्याच फेरीत उचलला. मी शेजारी बसून होते, हातात काही नव्हतं, आणि मला हेवा वाटला. माझ्या ओसरीवर माझ्याहून सरस सांधा दुसरीनं जोडावा याची मला सवय नव्हती.

पुढे माझीच गोधडी राहिली. सासूबाईंच्या इरकली लुगड्याची, गर्द हिरव्या रंगाची, कडेच्या फेऱ्या माझ्या, मध्य उघडा. तीही तिलाच दिली. आता अडचण उलटी होती, फेऱ्या उजव्या आणि हात डावा. मी वाट बघत होते की ती विचारेल. तिनं गोधडी पालथी केली आणि अस्तराच्या बाजूनं शिवायला बसली.

‘‘अशी घेतली की दिशा जुळते, मोठ्या आत्या,’’ ती म्हणाली.

दिशा जुळली ते मला लगेच कळलं. पुढचं कळायला दोन फेऱ्या गेल्या. मागून शिवताना सुई अस्तराला पुढे लोटत होती. इतकी वर्षं वरचं लुगडं पुढे आणि अस्तर मागे, हे अंतर मी कणाकणानं भरत आले होते. हिनं गोधडी पालथी घातली आणि मागे राहिलेलं अस्तर स्वतःच्या पायांनी पुढे यायला लागलं. मध्याला पोचली तेव्हा तळहाताखाली उभं राहावं असं फारसं काही उरलं नव्हतं. तिला त्याचं विशेष वाटलं नाही. तिला वाटलं मी ओळी बघते आहे.

मागून घातलेला टाका पुढच्या बाजूला बारीक पडतो. त्यामुळे सरळ करून पसरली की हिरव्या लुगड्यावर माझ्या फेऱ्या ठसठशीत दिसतात, आणि एका रेषेपासून आत टिपके सुरू होतात. लपवायची म्हटली तरी ती रेष लपणार नाही. माझ्याकडे आलेल्या एवढ्या बायकांचे सांधे मी बेमालूम बुजवले आणि त्याचा तोरा मिरवला. माझ्या गोधडीवर मात्र ती रेष मला हवी आहे. दसऱ्याला ही घाटावर वाळत घातली की येणारी-जाणारी एखादी जाणती बाई थांबेल, कडेच्या टाक्यांवरून बोट फिरवेल आणि म्हणेल, इथवर त्या बाईचा हात होता. ते ऐकायला मी शेजारीच उभी असणार आहे.