स्वल्पविरामाचे गाणे

विरामचिन्हांशी माझे नाते जुने, आणि बहुतांशी भांडणाचे. उत्तरपत्रिकांतून हरवलेले स्वल्पविराम शोधण्यात माझे निम्मे आयुष्य गेले! पण हल्ली मी रात्री संगणकापुढे बसतो, तेव्हा हीच चिन्हे चक्क गाऊ लागतात.

त्याचे असे झाले, की कैलासवासी आईच्या चिजांची वही जीर्ण झाली. ती भातखंडे पद्धतीची. माझी कन्या व्हायोलिन शिकते, तिला वाचता येतात पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेघा. आजी-नातीमधला हा दुभाषा मला सापडला ‘लिलीपाँड’मध्ये. दोघा डच तरुणांनी १९९६ साली ही प्रणाली सुरू केली. आपण साधी अक्षरे टंकायची. रेघा नि टिंबे ती मांडते. अक्षरापुढे स्वल्पविराम दिला, की स्वर एक सप्तक उतरतो. अपॉस्ट्रॉफी दिली, की चढतो. उभा दंड दिला, की ती मात्रा मोजते आणि हिशेब चुकला तर खडूस तबलजीसारखी तिथल्या तिथे बजावते!

आईच्या वहीत कोमल स्वरांखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. आणि शब्द लांबवायला अवग्रह. या अवग्रहापाशी मी नेहमी थबकतो. संस्कृतात तो लोपलेल्या अकाराची खूण. गाण्यात मात्र रेंगाळणाऱ्या स्वराची. जे गेले त्याला आणि जे मागे घुमत राहिले त्याला, चिन्ह एकच!

लिलीपाँडला मी अवग्रह देत नाही. तिथे लांबलेल्या अक्षराखाली नुसती रेघ उमटते. कन्या ती पाहून गज लांबवते, आणि मी वहीचे पुढचे पान उलटतो.