गच्चीवरचं विमान आणि भाराची वाट

कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी 2016 मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहासाठी ते सुट्या भागांत खाली उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलात नेलं, पुढे त्याला व्हीटी-एनएमडी हे नोंदणीचिन्ह मिळालं आणि 2020 मध्ये ते धुळ्याला उडालं. कौतुक झालं ते जिद्दीचं आणि परवानग्यांसाठी घातलेल्या हेलपाट्यांचं. वैमानिकी शिकवणाऱ्याला मात्र त्यात वेगळंच काही दिसतं. विमान बांधणारा हा माणूस पेशाने वैमानिक होता. प्रत्येक विद्यार्थ्याने गच्ची अडवावी असं मी म्हणत नाही (सोसायट्या आधीच वैतागलेल्या असतात). पण आपल्या विमानात भार कुठून शिरतो आणि कुठे जातो, एवढं त्याला बोट ठेवून सांगता यायला हवं.

वैमानिक परवान्याच्या 'टेक्निकल' पेपरसाठी मुलं स्पार, रिब, स्ट्रिंगर, लाँजेरॉन या सांगाड्याच्या भागांच्या व्याख्या पाठ करतात, आणि सेमी-मोनोकॉक म्हणजे काय हेही. व्याख्या बरोबर असतात, पण भाराची दिशा त्यांत नसते. इमारतीत भार स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर, कायम खालीच जातो. विमानात तो उलटतो. सेसना 172 जमिनीवर उभं असताना पंखाखालचा तिरका स्ट्रट दाबला जातो. हवेत पंख वर ओढू लागले की तोच स्ट्रट ताणला जातो. नॉर्मल कॅटेगरीत या विमानाची मर्यादा 3.8 जी आहे आणि तिच्यावर दीडपटीची सुरक्षा. ती दीडपट वैमानिकाने वापरायची सवलत नव्हे. मर्यादा ओलांडली की विमान तुटलं नाही तरी कायमचं वाकू शकतं.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की हे काम मेंटेनन्स इंजिनिअरचं आहे. त्याची सही असली की पुरे. सही जमिनीवरची असते. हवेत भार टाकतात ते वैमानिकाचे हातपाय. 12 नोव्हेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कहून निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं ए300 पुढच्या विमानाने ढवळलेल्या हवेत सापडलं. सहवैमानिकाने रडर आलटून-पालटून जोरात दाबला आणि शेपटीचा उभा पंख तुटून गेला. 265 जीव गेले. पंख कच्चा नव्हता, डिझाइनच्या कमाल भारापेक्षा जास्त सोसूनच तो तुटला. चौकशीत रडरच्या संवेदनशील रचनेवर आणि प्रशिक्षणावरही ठपका आला. मॅन्युव्हरिंग स्पीडच्या (कंट्रोल पूर्ण फिरवता येईल अशा कमाल वेगाच्या) खाली ते कसेही फिरवले तरी चालतात, अशी अनेक वैमानिकांची समजूत असल्याचंही तेव्हा उघड झालं. तो आकडा एका बाजूच्या एकाच हालचालीपुरता असतो. व्याख्या पाठ करून ही समजूत जात नाही.

हायड्रॉलिक्स, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारी यंत्रणा, शिकवण्यावरचा आक्षेप जास्त चोख आहे. 172 मध्ये चाकं आत जात नाहीत, फ्लॅप विजेवर चालतात. मग 737 मधल्या चौरस इंचाला 3000 पौंड दाबाचं विद्यार्थ्याने काय करायचं? त्याच्याकडे ब्रेक आहेत, आणि तत्त्व तेच आहे. द्रव दबत नाही, हवा दबते. पेडल स्पंजासारखं लागलं तर लाइनमध्ये हवा शिरली असावी. मोठ्या विमानात एकाऐवजी दोन-तीन सिस्टिम असतात, पण त्या कोणत्या वाटेने जातात हा प्रश्न उरतोच. 19 जुलै 1989 ला युनायटेड 232 या डीसी-10 च्या शेपटीतल्या इंजिनाची फॅन डिस्क फुटली आणि तुकड्यांनी तिन्ही सिस्टिमच्या लाइन तोडल्या. कागदावर त्या स्वतंत्र होत्या. शेपटीत त्या एकमेकींजवळ होत्या. त्या प्रसंगासाठी चेकलिस्टच नव्हती. उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत वैमानिकांनी विमान सू सिटीला आणलं. 296 पैकी 184 वाचले. थ्रॉटल सांभाळणारे डेनी फिच प्रवासी म्हणून विमानात होते. हायड्रॉलिक्स पूर्ण गमावलेल्या जपानी विमानाच्या 1985 च्या अपघातानंतर त्यांनी सिम्युलेटरवर हेच करून पाहिलं होतं. ते त्या विमानात असणं हा योगायोग होता हे मान्य, पण फिच यांची तयारी योगायोगाची नव्हती.

बहुपर्यायी पेपरमध्ये अशी समज बसत नाही, ही अडचण खरी. म्हणून उड्डाणाआधीच्या फेरीत विचारावं: डाव्या चाकाशी लाल, ओशट डाग दिसतोय, असंच निघालास तर ब्रेक मारल्यावर विमान कुठे ओढेल? दोन्ही चाकांचे ब्रेक वेगळे, गळती डावीकडे, म्हणजे धरेल ते उजवं चाक. 'उजवीकडे' हे उत्तर ज्याला चाकाजवळ वाकून स्वतः काढता येतं, त्याने हायड्रॉलिक्सचा धडा वाचला असं मी धरतो.