एकमेकींना न ओळखणाऱ्या टेस्ट

सगळ्या टेस्ट पूर्ण व्हायला २५ मिनिटं लागू लागली की प्रोग्रामरच्या सवयी बदलतात. एकेक छोटा बदल तपासून पुढे जाणारा माणूस चार बदल साठवतो, मग एकदाच रन लावतो आणि तेवढ्यात दुसरं काम उघडतो. निकाल लाल आला की चारांपैकी कोणत्या बदलाने मोडलं हे शोधण्यात दुपार जाते. टेस्टच्या वेगाचा मी एवढा आग्रह धरतो तो यासाठी.

उपाय सगळ्यांना ठाऊक असतो: मशीनला आठ कोर आहेत, तर टेस्ट आठ ठिकाणी वाटा. साधनंही तयार आहेत. जँगोने डिसेंबर २०१५ मधल्या १.९ आवृत्तीत ही सोय दिली, रेल्सने २०१९ च्या ६.० मध्ये, पायटेस्टसाठी एक्सडिस्ट हा प्लगइन आहे. नेहमीच्या पायथनमध्ये ग्लोबल इंटरप्रिटर लॉकमुळे थ्रेड वाढवून सगळे कोर कामाला लागत नाहीत, म्हणून इथे स्वतंत्र प्रोसेस सुरू होतात आणि जँगो प्रत्येकीला टेस्ट डेटाबेसची वेगळी प्रत करून देतं.

तरीही पहिल्या समांतर रनला ढीगभर टेस्ट लाल होतात. कोड कालचाच, टेस्टही कालच्याच. पुष्कळ टीम इथेच कंटाळून माघार घेतात. माझ्या मते खरं काम इथे सुरू होतं.

लाल झालेली एकेक टेस्ट उघडली की कळतं, त्या काहीतरी वाटून वापरत होत्या. डेटाबेसची प्रत वेगळी मिळाली, पण कॅशेसाठीचा रेडिस एकच राहिला. एका टेस्टने कॅशे पुसला आणि त्याच क्षणी दुसरी त्यातली किंमत वाचत होती. दोन टेस्ट टेम्प फोल्डरमधल्या एकाच नावाच्या फाइलमध्ये रिपोर्ट लिहीत होत्या. दोघींना ८००० हाच पोर्ट हवा होता. यांची औषधं साधी आहेत. पायटेस्ट प्रत्येक टेस्टला स्वतःचं तात्पुरतं फोल्डर देतं, ते वापरावं. पोर्ट शून्य मागितला की ऑपरेटिंग सिस्टीम मोकळा पोर्ट शोधून देते. एक्सडिस्ट प्रत्येक वर्करला नाव देतं, ते रेडिसच्या कीच्या आधी जोडावं.

क्रमाचं दुखणं जास्त खोल असतं. एखादी टेस्ट मास्टर टेबलमध्ये चलनांची यादी भरून ठेवते, पुढची टेस्ट ती यादी आहेच असं धरून चालते. ओळीने चालवताना वर्षानुवर्षं दोन्ही पास होतात. वाटणी झाली, दोघी वेगळ्या प्रोसेसमध्ये गेल्या, की दुसरी उघडी पडते. म्हणून समांतर करण्याआधी मी टेस्ट एकाच प्रोसेसमध्ये, पण उलटसुलट क्रमाने चालवतो; क्रमाचे दोष त्यात वेगळे निघतात. २०१४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी अपाचेच्या प्रकल्पांतल्या फ्लेकी, म्हणजे कोड न बदलताही कधी पास तर कधी नापास होणाऱ्या, टेस्टच्या दुरुस्त्या तपासल्या. त्यांना सापडलेली तीन मुख्य कारणं अशी: असिंक्रोनस कामाची नीट वाट न पाहणं, कॉन्करन्सी आणि टेस्टच्या क्रमावरचं अवलंबित्व. अशा टेस्टला तीनदा रीट्राय लावून हिरवं करून घेणं मला मान्य नाही. तीनपैकी एकदा खरं बोलणाऱ्या टेस्टवर रिलीजच्या रात्री कोण विश्वास ठेवणार?

वेगाचं गणितही आधीच मांडून ठेवावं. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये सांगितलेली मर्यादा इथे लागू होते. २५ मिनिटांतली ५ मिनिटं पॅकेज बसवण्यात आणि मायग्रेशन चालवण्यात जात असतील, तर उरलेली २० चार मशीनवर वाटून एकूण १० मिनिटं लागतील, आठांवर साडेसात, सोळांवर सव्वासहा. पाचाच्या खाली कधीच नाही. शिवाय ती तयारी प्रत्येक मशीनला करावी लागते आणि तिचं भाडंही पडतं. आठाची सोळा मशीन करण्यापेक्षा त्या पाच मिनिटांची दोन करणं मला केव्हाही पसंत. मायग्रेशन एकदाच चालवून पोस्टग्रेसच्या टेम्प्लेटवरून डेटाबेसच्या प्रती काढता येतात. जँगो नेमकं हेच करतं.

वाटणीकडे मात्र फार कमी जण लक्ष देतात. फाइलींच्या नावांच्या क्रमाने वाटलं की सगळ्या जड टेस्ट एकाच वर्करच्या वाट्याला जाऊ शकतात. मग पंगतीत शेवटचा जेवेपर्यंत बाकीचे हात वाळवत बसतात, तसे सात कोर रिकामे राहतात. मागच्या रनमधले वेळ नोंदवा आणि सर्वांत लांब टेस्ट सर्वांत आधी द्या. टेस्ट एकमेकींवर अवलंबून नसतील, तर ही पद्धत सर्वोत्तम वाटणीच्या ४/३ पटीपेक्षा जास्त वेळ कधीच घेत नाही, हे रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६९ मध्येच सिद्ध केलं आहे.

तुमच्या टीमने हे अजून केलं नसेल तर एवढं करा: एखाद्या शुक्रवारी सगळ्या टेस्ट चार प्रोसेसमध्ये चालवा आणि लाल झालेल्यांची यादी छापून टीमसमोर ठेवा. वेळ किती वाचला ते नंतर पाहता येईल. आधी त्या यादीतल्या प्रत्येक टेस्टसमोर ती कोणासोबत काय वाटून घेत होती, हे लिहून काढा.