गवताच्या आधी निचरा

महाबळेश्वर किंवा चिखलदऱ्याच्या बंगल्यामागे गोल्फसाठी कृत्रिम गवताचे पटिंग ग्रीन करायचे ठरले की चर्चा सुरू होते ती गवताची. नायलॉन घ्यायचे की पॉलिप्रॉपिलीन, पाते किती मिलिमीटरचे, रंग उन्हात किती टिकेल? प्रश्न रास्त आहेत, पण ते शेवटी विचारायचे आहेत. पटिंगमध्ये चेंडू जमिनीलगत, हळू घरंगळतो. पृष्ठभागाला काही मिलिमीटरचा खळगा पडला तरी तो वाट सोडतो. हा खळगा बहुधा गवतामुळे पडत नाही, खालचा भराव बसल्यामुळे पडतो आणि भराव बसतो तो पाण्याने. म्हणून डोंगरावरचे ग्रीन हे आधी निचऱ्याचे काम आहे, गवताचे त्यानंतर.

या कामाची परदेशी मार्गदर्शके डोंगर म्हटले की गोठणीची काळजी सांगतात. त्यांच्याकडे ते खरेही आहे. मातीतले पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते, खालून आणखी ओल खेचते आणि सगळा थर वर उचलते. लडाख, गुलमर्गसारख्या ठिकाणी याचा हिशेब करावाच लागेल. सह्याद्रीत तो जसाच्या तसा लावणे मात्र चूक आहे. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत दव गोठते, त्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. पण तो पानांवरचा आणि गाड्यांच्या टपांवरचा पातळ थर असतो. त्याखालची जमीन गोठत नाही. आपल्या डोंगराचा स्वभाव ठरवतो तो पाऊस.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलै २०२१ मध्ये तिथे २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अंबड तालुक्यातल्या आमच्या अंकुशनगरच्या भागात वर्षाकाठी पडणाऱ्या पावसापेक्षा हा आकडा फार कमी नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तेव्हा ३० चौरस मीटरच्या लहानशा ग्रीनवर त्या एका दिवसात जवळपास १८,००० लिटर पाणी पडले असते, आणि यात चढावरून वाहून येणारे पाणी धरलेलेच नाही. आता खालचा थर पाहा. दाबलेल्या खडीत पोकळी ३० ते ४० टक्के असते, म्हणजे १५० मिलिमीटर जाडीच्या थरात फार तर ६० मिलिमीटर पाऊस मावेल. बाहेर पडायला वाट नसेल तर उरलेले पाणी खडीवरची बारीक कच धुऊन नेणार किंवा गवत उचलणार. खडीचा थर जाड केला की भागेल, असे मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा.

पाण्याला वाट करून देण्यासाठी पहिला चर चढाच्या बाजूला, ग्रीनच्या बाहेर खणावा, म्हणजे डोंगराचे पाणी आत शिरणारच नाही. तळ साफ करून त्याला एक ते दोन टक्के उतार द्यावा. त्यावर जिओटेक्स्टाईलचे कापड हवे, नाहीतर जांभ्यावरची लाल माती वर चढून खडीची पोकळी बुजवते. खालच्या कडेला छिद्रांची पाइप टाकून तिचे तोंड उघड्यावर काढावे. खडी थराथराने पसरून दाबावी, वर कच घेऊन पाणी मारावे आणि पुन्हा दाबावी. चेंडू ज्यात पडतो त्या कपाचा व्यास १०८ मिलिमीटर. त्याचा तळ थेट खडीवर उघडा ठेवावा. तळ बंद असलेल्या कपात पावसाळाभर पाणी साचते आणि त्यात डासांच्या अळ्या होतात. गवत चिकटवणे आणि त्यात सिलिका वाळू भरणे ही कामे फेब्रुवारी ते मेच्या सुरुवातीपर्यंत उरकावीत. धुक्यात वाळू सुकत नाही. ओली वाळू ब्रशने पात्यांत उतरत नाही, तिचे गोळे होतात.

‘एवढे करण्यापेक्षा कोबा करा, कायमचा प्रश्न मिटेल,’ असे सांगणारे पुष्कळ आहेत. कोबा खचत नाही हे त्यांचे म्हणणे पक्क्या तळावर खरे आहे. पण कोब्यातून पाणी झिरपत नाही, दूरवरून आलेला चेंडू त्यावर उसळतो आणि खाली भराव असेल तर तडा जातोच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: डोंगरावर प्लॅस्टिक कशाला? नैसर्गिक ग्रीनचे गवत तीन-चार मिलिमीटरवर, जवळजवळ रोज कापावे लागते. उन्हाळ्यात त्याला पाणी हवे आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने ढगाळ हवेत बुरशीशी झगडावे लागते. अधूनमधून उघडणाऱ्या बंगल्यात ते जमणार नाही. तरीही कृत्रिम गवताचे तंतू झिजून पाण्याबरोबर वाहतात, हे नाकारता येत नाही. म्हणून ग्रीन लहान असावे आणि पाइपच्या तोंडाशी गाळ अडवणारा खड्डा असावा. महाबळेश्वर-पाचगणी २००१पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे डोंगर तोडून सपाटी करण्यापेक्षा ग्रीनच उताराला जुळवून घ्यावे.

अंकुशनगरला दुखणे वेगळे, पण निदान तेच. आमची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ऊस आणि पाटपाण्याच्या भागात ती हिवाळ्यातही ओली राहते. इथे काळी माती काढून मुरमाचा भराव दाबल्याशिवाय गवत अंथरू नये. ठेकेदार नमुन्यांचे पुस्तक घेऊन आला तर त्याला आधी प्लॉटवर उभे करा आणि पाणी कुठून येणार, कुठे बाहेर पडणार ते बोटाने दाखवायला सांगा. दाखवता आले नाही तर त्याला काम देऊ नका.