हाड शाबूत आहे ना?

शाळेची सहल घेऊन हैदराबादला गेलो होतो. गोवळकोंड्याच्या फतेह दरवाजात वाजवलेली टाळी वर बालाहिसारपर्यंत कशी ऐकू जाते, हे मुलांना दाखवले. गड चढलो आणि उतरताना झिजलेल्या पायरीवर माझाच उजवा पाय आत वळला. बघता बघता घोट्याच्या बाहेरच्या अंगाला सूज आली. रिक्षावाला म्हणाला, "मोच आ गई, साब." दवाखान्यातली परिचारिका म्हणाली, "बेणुकु." आपण म्हणतो, मुरगळला. तिन्ही शब्द कसे किरकोळ वाटतात!

डॉक्टरांनी घोट्याच्या हाडांचा मागचा काठ खालच्या ६ सेंटिमीटरपर्यंत दाबून पाहिला. पाऊलही चाचपले. मग म्हणाले, "चार पावले टाका." लंगडत टाकली. "एक्स-रे नको." कॅनडातल्या ओटावा शहरात १९९२ साली ठरलेली ही कसोटी. दाबल्यावर हाड दुखले किंवा चार पावले टाकताच आली नाहीत, तर मात्र एक्स-रे काढायचा.

मी सवयीने म्हणालो, "हाड शाबूत आहे ना? मग काही नाही."

डॉक्टर हसले नाहीत. "हाडाला हाड बांधणारा बंध फाटला आहे. पाऊल कसे पडते, ही खबर मेंदूला देण्यातही त्याचा वाटा असतो. हयगय केलीत, तर पाय पुन्हा पुन्हा वळेल."

मला एक मुलगा आठवला. पंचवीस वर्षांपूर्वी खो-खोच्या मैदानात तो घोटा धरून बसला होता. "हाड शाबूत आहे ना? मग ऊठ," असे मीच म्हणालो होतो. तो उठला, खेळला. पुढे तोच पाय वळत राहिला, खेळ सुटला. आम्ही त्याला कामचुकार ठरवले.

घरी सौ.ने तेल कोमट करून ठेवले होते. ते परत ठेवायला लावले. पहिले दोन-तीन दिवस चोळणे नाही, शेकणे नाही. पाय उशीवर, क्रेप बँडेज, दुखेल तेव्हा कापडात गुंडाळलेला बर्फ. पण अंथरुणाला खिळूनही राहायचे नाही. सूज ओसरू लागताच पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवू लागलो. पुढे भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहणे. आमच्या शाळेत पूर्वी ही शिक्षा होती!

तो मुलगा आता गावातच दुकान चालवतो. परवा काठी टेकत त्याच्याकडे गेलो. त्याने स्टूल पुढे केले, पायाकडे पाहिले आणि हसून विचारले, "सर, हाड शाबूत आहे ना?"

मला हसता आले नाही.